गोदावरीचें पाणी आणि तुटीची वाटणी

परभणी जिल्ह्याचा नकाशा समोर घेतला तर त्याच्या दक्षिण अंगानें गोदावरी वाहतांना दिसते. पाथरी, सोनपेठ, पुढें गंगाखेड, पालम आणि पूर्णा या तालुक्यांस स्पर्श करीत ती नांदेडकडे जाते. यावरून कित्येक विद्यार्थ्यांचा असा समज होतो कीं, आपल्या शेतांस मिळणारें कालव्याचें पाणी याच पात्रांतून घेतलेलें असावें. वस्तुस्थिति निराळी आहे. आपल्या जिल्ह्यांतील कालव्याखालच्या पुष्कळशा जमिनीस पाणी येतें तें दूर पैठणाहून, जायकवाडीच्या डाव्या कालव्यानें. हा कालवा २०८ किलोमीटर लांब असून छत्रपति संभाजीनगर (पूर्वींचें औरंगाबाद) व जालना हे दोन जिल्हे ओलांडून तो आपल्याकडे येतो. म्हणजे या कालव्यापुरतें बोलावयाचें तर आपण शेपटाकडील लोक आहोंत. पाटाच्या शेवटीं ज्याचें शेत असतें त्यास पाणी केव्हां व किती मिळतें, हें शेतकऱ्यांच्या मुलांना निराळें सांगावयास नको.

या लेखांत विचार करावयाचा तो एवढ्याच प्रश्नाचा: एका जलाशयावर व त्यास भरणाऱ्या खोऱ्यावर अनेकांचा हक्क असतां, पाणी कमी पडलें म्हणजे तें कोणत्या नियमानें वाटून घ्यावें? भरल्या वर्षीं हा प्रश्न कोणास सुचत नाहीं, आणि कोरड्या वर्षीं शांतपणें विचार करण्यास कोणी तयार नसतो. म्हणूनच तो शाळेंत शिकण्याजोगा विषय आहे असें मला वाटतें.

प्रथम जलाशयाची ओळख करून घेऊं. पैठण येथील धरणाची कोनशिला १९६५ सालीं पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें बसविली गेली, आणि १९७६ सालीं श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. मातीचा बांध सुमारें दहा किलोमीटर लांब असून सांडव्यास २७ दरवाजे आहेत. मागें जें विस्तीर्ण पाणी पसरलें आहे त्यास पैठणच्या संत एकनाथांच्या नांवावरून नाथसागर म्हणतात. तो काठोकाठ भरला म्हणजे त्यांत सुमारें १०२ अब्ज घनफूट पाणी मावतें. (वर्तमानपत्रें ज्यास ‘टीएमसी’ म्हणतात तें हेंच माप, एक अब्ज घनफूट म्हणजे सुमारें २,८३२ कोटी लिटर.) यांपैकीं सुमारें २६ अब्ज घनफूट तळाचें, म्हणजे अचल साठ्याचें, कालव्यांतून नेहमीं वापरावयाचें तें सुमारें ७६. वर्तमानपत्रांत ‘जायकवाडी इतके टक्के भरलें’ असें छापून येतें तेव्हां ते टक्के बहुधा या ७६ चे असतात, हें ध्यानांत ठेवावें; नाहीं तर शून्य टक्के वाचून धरण कोरडें पडलें असें वाटेल.

नाथसागर उथळ व फार पसरट आहे. भरला असतां त्याचें क्षेत्र सुमारें ३५० चौरस किलोमीटर होतें. आतां एक गणित करा. इतक्या क्षेत्रावरून पाण्याची पातळी उन्हानें केवळ एक सेंटीमीटर उतरली, तर किती पाणी गेलें? उत्तर येतें ३५० कोटी लिटर. दर माणशीं रोज १०० लिटर धरले तर तीन लक्ष वस्तीच्या शहरास हें पाणी जवळजवळ चार महिने पुरलें असतें. कडक उन्हाळ्यांत एवढी पातळी उतरावयास फार दिवस लागत नाहींत. सूर्यदेखील या जलाशयाचा एक वाटेकरी आहे, आणि तो कोणत्याही समितीस विचारीत नाहीं.

नाथसागर भरतो कोठून? त्याच्या आसपास पाऊस बेताचाच पडतो. पाऊस खरा पडतो तो सह्याद्रीच्या माथ्यावर, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, अकोल्याच्या डोंगराळ भागांत. तें पाणी दारणा, कादवा, प्रवरा, मुळा आणि स्वतः गोदावरी यांच्या पात्रांतून पूर्वेकडे येतें. ज्या प्रदेशाचें पाणी उताराउतारानें एका पात्रास येऊन मिळतें त्या साऱ्या प्रदेशास खोरें म्हणतात. जिल्हे, तालुके या माणसांनीं पाडलेल्या रेघा आहेत; खोऱ्याची रेघ डोंगरांनीं आंखिलेली असते, आणि पाणी तेवढीच रेघ मानतें.

परंतु या खोऱ्याच्या वरच्या अंगास धरणें पुष्कळ आहेत. नांदूर-मध्यमेश्वर येथील बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभींचा. दारणा धरण १९१६ सालचें. प्रवरेवरील भंडारदरा १९२६ सालीं पुरें झालें. स्वातंत्र्यानंतर गंगापूर, मुळा, करंजवण, वाघाड, मुकणे, निळवंडे अशीं अनेक धरणें उभीं राहिलीं. जायकवाडीची योजना आंखतांना वरून जेवढा येवा येईल असें धरलें होतें तेवढा पुढें येईनासा झाला, आणि वरचीं धरणें तर वाढत गेलीं. बेताच्या पावसाच्या वर्षीं त्याचा परिणाम असा होतो कीं, वरचीं तळीं भरलेलीं आणि पैठणचा सागर अर्धा रिता.

येथें वाद उत्पन्न होतो, आणि तो दोन्ही बाजूंनीं ऐकून घेतला पाहिजे. नाशिक-अहिल्यानगरकडील शेतकरी म्हणतो, “आमच्या आजोबांच्या काळापासून हे कालवे वाहत आहेत; पैठणचें धरण काल आलें. आमच्या द्राक्षाच्या बागा व ऊंस या पाण्यावर उभे आहेत. तें तोडलें तर आम्हीं जावें कोठें?” हें बोलणें पोकळ नाहीं. ज्यावर पिढ्यानपिढ्या संसार उभारला तें एकाएकीं काढून घेणें हाही अन्यायच. उलट आपल्याकडील शेतकरी म्हणतो, “नदी कोणाच्या आजोबांनीं आणिलेली नाहीं. वरच्यानें अडविलें म्हणजे खालच्यानें तहानेनें मरावें काय? शासनानेंच कालवा खोदून आम्हांस पाण्याचा भरंवसा दिला.” हेंही तितकेंच खरें. दोन्ही पक्ष खरें बोलत असतां निवाडा कसा करावा? केवळ ‘आधीं कोण आला’ एवढ्यावरून तो होत नाहीं, आणि ‘संख्या कोणाची मोठी’ एवढ्यावरूनही होत नाहीं.

याचें एक उत्तर आपल्याच महाराष्ट्रांत, कोणाही कायदेपंडितानें सांगण्यापूर्वीं, साध्या शेतकऱ्यांनीं शोधून काढलेलें आहे. धुळें व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर लहान लहान बंधारे बांधून त्यांवर ‘फड’ पद्धति कित्येक शतकें चालत आली. बंधाऱ्याखालील जमिनीचे बहुधा चार मोठे भाग पाडीत. त्या प्रत्येकास फड म्हणत. एका फडांत त्या वर्षीं एकाच जातीचें पीक घ्यावयाचें: एकांत ऊंस, दुसऱ्यांत गहूं, याप्रमाणें, आणि पिकें वर्षावर्षानें फिरवावयाचीं. पाणी देण्याचें काम पाटकऱ्याचें, राखण जागल्याची, आणि तंटा पडल्यास पंचांचा शब्द. शेतकऱ्यानें स्वतः पाटास हात लावावयाचा नाहीं. यांतील खरी युक्ति अशी कीं, साधारणपणें प्रत्येक शेतकऱ्याची थोडथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे. पाणी कमी दिसलें म्हणजे पंच आधींच ठरवीत कीं, यंदा चारांऐवजीं दोनच फड भिजवावयाचे. मग ज्याचें नुकसान व्हावयाचें तें सर्वांचें सारख्या मानानें होई. पाणी भरपूर असतांना तें वाटणें सोपें असतें. या लोकांनीं तूट वाटण्याची रीत बसविली, आणि ती दुष्काळ येण्यापूर्वींच बसविली. माझ्या मतें आपल्या साऱ्या प्रश्नाची किल्ली येथें आहे.

आतां तोच विचार सबंध खोऱ्यास लावून पाहूं. महाराष्ट्र जलसंपत्ति नियमन प्राधिकरण स्थापन करणारा कायदा २००५ सालीं झाला. त्याच्या १२ व्या कलमांत असा नियम आहे कीं, खोऱ्यांतील टंचाईचा भार सर्वांनीं सारखा उचलावा म्हणून, दर वर्षीं ऑक्टोबरच्या अखेरीस खोऱ्यांतील सर्व जलाशयांतील वापरण्याजोगें पाणी, खरिपांत वापरलेलें धरून, टक्केवारीनें जवळजवळ सारखें राहील अशी व्यवस्था करावी. फडाच्या पंचांस हें वाक्य वाचून दाखविलें असतें तर त्यांनीं मान डोलाविली असती.

ऑक्टोबरच कां, असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारील. त्याचें कारण दुहेरी आहे. पावसाळा तेव्हां संपतो व रब्बीची पेरणी व्हावयाची असते. कोणत्या शेतकऱ्यास किती पाळ्या मिळणार हें त्याच वेळीं कळलें पाहिजे. दुसरें असें कीं, त्या सुमारास नदीचें पात्र ओलें असतें. पुढें पात्र वाळलें कीं वरून सोडलेल्या पाण्याचा मोठा भाग वाळू पिऊन टाकते, आणि वाटेंत मोटारी लावून पाणी उचलणारेही असतात. ज्या वर्षीं भांडणांत दोन महिने जातात त्या वर्षीं वरच्यांचें पाणी जातें आणि खालच्यांस तें पोंचतही नाहीं.

कायदा झाला तरी तो अमलांत यावयास पुष्कळ वर्षें लागलीं. २०१२ सालच्या अवर्षणानंतर लोक न्यायालयांत गेले. २०१३ मध्यें मेंढेगिरी समितीनें वरच्या धरणांतून कोणत्या स्थितींत किती पाणी सोडावें याचीं कोष्टकें तयार केलीं. आणि सप्टेंबर २०१४ मध्यें प्राधिकरणानें आदेश दिला. त्याचें सार असें कीं, १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडीचा उपयुक्त साठा खरिपाच्या वापरासह ६५ टक्क्यांवर असेल तर वरच्यांनीं कांहीं सोडावयाचें नाहीं; त्याखालीं असेल तर कोष्टकाप्रमाणें सोडावयाचें. सप्टेंबर २०१६ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें हा आदेश ग्राह्य ठरविला. पुढें २०२३ सालीं पाऊस ओढून धरल्यावर ऑक्टोबरच्या अखेरीस ८.६ अब्ज घनफूट पाणी सोडण्याचा हुकूम झाला. विरोध झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, तेथें स्थगिति मिळाली नाहीं, आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत पाणी सुटलें. म्हणजे एका महिन्याच्या सुमारास विलंब झालाच. तरी मागील काळाशीं तुलना करतां हा मोठा फरक आहे: पूर्वीं पाणी मिळावयाचें तें मोर्चाच्या जोरावर किंवा मंत्र्याच्या मर्जीवर, आतां त्यामागें एक लिहिलेला आंकडा आहे. आंकडा चुकीचा वाटला तर तो पुन्हां तपासून बदलतां येतो; मर्जी तपासतां येत नाहीं.

पाणी धरणांत आलें म्हणून तें शेतांत आलें असें नव्हे. मुख्य कालवा, वितरिका, लघुवितरिका, शेतचारी असा त्याचा प्रवास असतो, आणि प्रत्येक वळणावर तेंच जुनें भांडण लहान रूपानें पुन्हां उभें राहतें. यासाठीं २००५ सालींच दुसरा एक कायदा झाला. त्यानें शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे कालव्याचा कारभार सोंपविण्याची सोय केली. संस्थेस पाणी मोजून मिळावें, त्यांत कोणतें पीक घ्यावयाचें तें शेतकऱ्यांनीं ठरवावें, आणि संचालक मंडळांत मुखाकडील, मधले व शेपटाकडील अशा तिन्ही भागांचे प्रतिनिधि सारखे असावेत, अशी त्यांतील योजना आहे. अध्यक्षपदही या तीन भागांत आळीपाळीनें फिरतें. ज्यानें हा नियम घातला त्यानें पाटाच्या शेवटचें एखादें शेत पाहिलें असावें.

या बाबतींत उदाहरण घ्यावयाचें तें नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यांतील वाघाड प्रकल्पाचें. तेथील कालव्याच्या शेपटाशीं ओझरजवळचीं गांवें कोरडीं राहत. समाज परिवर्तन केंद्र या संस्थेचे बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांच्या प्रयत्नानें तेथें १९९१ च्या सुमारास तीन पाणीवापर संस्था निघाल्या. मोजून पाणी घेणें, मोजून पट्टी भरणें, चाऱ्या आपण दुरुस्त करणें, विहिरींतील पाण्याचाही हिशेब ठेवणें, हें हळूहळू अंगवळणीं पडलें. पुढें संस्था चोवीस झाल्या आणि सबंध प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्या हातीं आला. आपल्या जिल्ह्यांतही जायकवाडी व पूर्णा या प्रकल्पांवर अशा संस्था नोंदविल्या गेल्या आहेत. परंतु त्यांपैकीं पुष्कळ कागदावरच राहिल्या, हें स्पष्ट सांगितलेलें बरें. पालकांनीं आपापल्या गांवची संस्था कोणती, तिची सभा मागें केव्हां झाली व पाणी मोजण्याचें साधन चालू आहे कीं नाहीं, याची एकवार चौकशी करावी.

वाघाडचें उदाहरण मला आणखी एका कारणासाठीं महत्त्वाचें वाटतें. तें धरण आपल्याच खोऱ्यांत, नाथसागराच्या वर आहे. तेथील शेतकऱ्यांनीं आपसांत न्यायानें पाणी वाटून घेतलें. तरी खोऱ्याच्या हिशेबानें पाहतां पैठणासाठीं पाणी सोडण्याची वेळ आली कीं तेही ‘वरचे’ ठरतात. गांवापुरती वाटणी नीट झाली म्हणून खोऱ्याची झाली असें होत नाहीं. दोन्ही निरनिराळीं कामें आहेत, आणि दुसरें फार अवघड आहे. कारण त्यांत ज्याचें तोंड आपण कधीं पाहिलें नाहीं त्याच्यासाठीं दरवाजा उचलावयाचा असतो.

जलाशयाचे वाटेकरी केवळ शेतकरीच आहेत असेंही समजूं नये. कोळी बांधव त्यांत मासे धरतात. पाणी ओसरलें कीं उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनींत पिकें घेतात. धरणांत ज्यांचीं शेतें बुडालीं अशा कुटुंबांचें या जमिनीकडे विशेष लक्ष असतें. हिवाळ्यांत दूरदेशचे पक्षी येतात. त्यांच्यासाठीं १९८६ सालीं येथें अभयारण्य जाहीर झालें. आणि वरच्या शहरांचें सांडपाणीही याच वाटेनें खालीं येतें. पाणी किती याबरोबर तें कसें, हाही प्रश्न वाटणीचाच आहे. युरोपांत जर्मनी, स्वित्झर्लंड व ऑस्ट्रिया यांच्यामध्यें बोडेनझे नांवाचें एक मोठें सरोवर आहे. त्याच्या मुख्य भागांत कोणाची हद्द कोठें संपते याविषयीं या तीन राष्ट्रांचें अद्याप एकमत नाहीं. तरी १९५९ सालीं त्यांनीं संयुक्त आयोग नेमून सांडपाणी शुद्ध करूनच सरोवरांत सोडण्याचें ठरविलें. आणि १९७९ च्या सुमारास जें पाणी खताच्या क्षारांनीं पार बिघडलें होतें तें पुन्हां निर्मळ झालें. हद्दीचा तंटा तसाच ठेवूनही पाण्याचें काम करतां येतें, हें यावरून दिसतें.

आतां आपल्या घराकडे वळूं. पैठणाच्या बाबतींत आपण खालचे खरे. परंतु नांदेडच्या बाबतींत आपण कोण? गोदावरीवर आपल्या जिल्ह्यांत ढालेगांव, तारुगव्हाण, मुद्गल, मुळी, डिग्रस येथें बंधारे आहेत. त्यांखालीं नांदेडचा विष्णुपुरी जलाशय आहे. टंचाईच्या दिवसांत डिग्रसच्या बंधाऱ्यांतून नांदेडसाठीं पाणी सोडावयाची वेळ आली तेव्हां आपल्याकडूनच विरोध झालेला आहे, आणि तेव्हांचीं आपलीं वाक्यें नाशिककरांच्या वाक्यांहून फारशीं निराळीं नव्हतीं. नाशिककडे आपण जें मागतों तें नांदेडला देण्याची वेळ येतांच आपला युक्तिवाद बदलतो काय, हें विद्यार्थ्यांनीं वक्तृत्वसभेंत वादास घ्यावें. पाथरी-सोनपेठकडील उसाचाही विचार त्याच वेळीं व्हावा. वरच्या उसास नांवें ठेवावयाचीं आणि आपल्यास ठेवावयाचीं नाहींत हें बरें दिसत नाहीं.

नांदेडच्या पुढें तर राज्याची सीमाच येते. गोदावरीच्या पाण्यासाठीं १९६९ सालीं न्यायमूर्ति बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालीं लवाद नेमला गेला व १९८० सालीं त्याचा निवाडा झाला. गोदावरीवर पैठणपर्यंत व पूर्णेवर सिद्धेश्वरपर्यंत येणारें सर्व पाणी महाराष्ट्रानें वापरावें, त्याखालीं मात्र नव्या योजनांस ६० अब्ज घनफुटांची मर्यादा पाळावी, असें त्यांत ठरलें. नांदेड जिल्ह्यांतील बाभळीचा बंधारा खालच्या राज्याच्या पोचमपाड (श्रीरामसागर) जलाशयाच्या फुगवट्यांतच येतो, म्हणून त्याविषयीं तंटा पेटला. सर्वोच्च न्यायालयानें २८ फेब्रुवारी २०१३ रोजीं त्याचा निकाल दिला: १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत बाभळीचे दरवाजे उघडे राहावेत, १ मार्चला ०.६ अब्ज घनफूट पाणी खालीं सोडावें, आणि देखरेखीस केंद्राच्या व दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींची त्रिसदस्य समिति असावी. तारखा व आंकडे ठरले कीं, भांडणारेही एका मेजाभोवतीं बसूं शकतात.

शेवटीं पूर्णेविषयीं. अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावणाऱ्या या नदीवर आपल्या जिंतूर तालुक्यांत येलदरीचें धरण आहे. तें १९६८ सालीं पुरें झालें. त्याच्या खालीं हिंगोली जिल्ह्यांत सिद्धेश्वर आणि वर बुलढाणा जिल्ह्यांत खडकपूर्णा. येलदरी आपल्या जिल्ह्यांत असली तरी तिचें पाणी सिद्धेश्वरमार्गें हिंगोली व नांदेडकडेही जातें. १९९९ पूर्वीं हिंगोली आपल्याच जिल्ह्यांत होती, म्हणून त्या वेळीं हा प्रश्न घरांतला वाटे इतकेंच. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनीं येत्या १५ ऑक्टोबरला गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा, नाथसागर, खडकपूर्णा, येलदरी व सिद्धेश्वर या आठ जलाशयांचे उपयुक्त साठ्याचे टक्के वर्तमानपत्रांतून टिपून घ्यावेत, व दोन्ही नद्यांचीं कोष्टकें वेगवेगळीं मांडावीं. नाथसागर ६५ च्या खालीं असेल तर पुढील सहा आठवडे वर्तमानपत्र नीट वाचीत जावें, आणि दरवाजे उघडण्याची तारीख त्याच वहींत लिहून ठेवावी.